दुर्बिणीचा बुटका माउंट

उद्यमनगरात गुरुपादच्या लेथवरचं काम डोळे झाकून घ्यावं, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि गुरुपाद ते मुळीच नाकारत नसे. त्याच्या लेकीचं, शिवांजलीचं काम मात्र अडलं होतं. रविवारी वडगावला दुर्बीण लावलेल्या एअर रायफलची निवड चाचणी, आणि छऱ्यागणिक रायफलवरची दुर्बीण मागं सरकत होती. दुर्बीण रायफलवर पकडून ठेवणारा माउंटच कुचकामी. नेम एकीकडं, छर्रा दुसरीकडं.

"थांब, मी करतो की," म्हणत त्यानं अख्खा दिवस खपून पोलादी माउंट बनवला. जाड, उंच, बैलानं हिसडा दिला तरी न हलणारा. मजबूत म्हणजे वजनदार, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं.

शिवांजलीनं रायफल खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली. "अप्पा, ह्यो चालायचा न्हाय. दुर्बीण लई वर गेली, गाल दस्त्याला टेकंना. मान वर करून नेम कसा धरू?"

पंपाचा शाफ्ट न्यायला आलेला कृष्णात समोरच बसलेला. गुरुपादचा चेहरा पडला. राग आलाच, खोटं कशाला बोला.

तिनं पिशवीतून विकतचा बुटका माउंट काढला. "ह्यो बगा. ही पिन रायफलीच्या पाठीवरच्या भोकात बसली, की दुर्बीण सरकायचं नाव न्हाय. पण पिन केसभर जाड हाय."

गुरुपादनं तो उलटसुलट करून पाहिला. पोरीचं बरोबर होतं. त्यानं पिन सोडवून लेथला लावली, तीनदा मापून केसभर घासली. मग माउंट रायफलीवर चढवून, दुर्बीण बसवून सवयीनं वरचे स्क्रू करकचून आवळायला गेला, तर तिनं मनगटच धरलं.

"पंप न्हाय ह्यो, अप्पा! दुर्बिणीची नळी चेपंल."

तिनं दोन बोटांनी, आळीपाळीनं, बेताबेतानं स्क्रू आवळले. मागच्या भिंतीशी फळीवर कागद लावून पाच छर्रे मारले. कागदावर पाचही छऱ्यांचं एकच भोक, कडेला जरासं फाटलेलं.

कृष्णात उठून उभाच राहिला. "काय माउंट बसवलासा हो, अण्णा!"

गुरुपादचा ऊर भरून आला. "मी न्हाय," तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की शेजारच्या फौंड्रीतली माणसं वळली. "माझा माउंट तिनं बाद केला. ह्या माउंटची निवड माझ्या लेकीची हाय. मी निस्ती पिन घासली."