झोळी थांबवा

रुग्णवाहिका-सेवेच्या फोनवर बसलेल्या रोहिणीने हेडफोन कानावर घट्ट दाबला आणि तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला.

"सोनीताई, पोर श्वास घेतेय ना?"

"घेते की. पोट हालतंय." जव्हारजवळच्या वांगणीहून बोलणाऱ्या सोनीला धाप लागली होती. "पण उठं नाय. हाका मारून दमले. मघाशी तापानं झटके आले, मग जी निजली ती निजलीच."

सोनीची पोर आठ महिन्यांची. रुग्णवाहिका जव्हारहून निघाली होती, पण त्या रस्त्याने वीस मिनिटं तरी लागणार. समोरच्या पडद्यावर दोन रकाने होते: शुद्धीवर आहे का? नीट श्वास घेतेय का? पहिल्यात रोहिणीने 'नाही' भरलं होतं. दुसऱ्यात 'हो' भरलं, की कुशीवर निजवा आणि वाट पाहा, एवढंच सांगायचं उरत होतं. तिचं बोट तिथेच अडलं.

फोनमध्ये मागे काहीतरी करकरत होतं. थांबायचं, पुन्हा करकरायचं. रोहिणी त्याच भागातल्या जामसरची. आढ्याला बांधलेल्या दोराचा आवाज तिला कुणी सांगायला नको होता.

"पोर झोळीत आहे का?"

"होय. सासू हालवते ना."

"झोळी थांबवा."

"निजू दे गं तिला!" मागून म्हातारी सासू गोजाबाई करवादली. "दमलीय पोर. फोनवरच्या बायला तिथून काय दिसतंय?"

"आजी, मी जामसरची. पाया पडते तुमच्या, दोर धरा."

करकर थांबली.

"आता बघ, सोनी. पोट हलतंय?"

सोनी झोळीवर वाकल्याची कापडाची सळसळ ऐकू आली.

"नाय हालत, बाय. मधीच तोंड उघडते, पाण्याभायेर काढलेल्या मासळीवानी."

"तो श्वास नव्हे. तिला भुईवर ठेव. फोन आजीला धरू दे. तिचं नाक-तोंड दोन्ही तुझ्या तोंडात घे, हळूच फुंक. छाती वर आली? परत एकदा. आता छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवून दाब. माझ्याबरोबर. एक, दोन, तीन..."

रोहिणीची दोन बोटं टेबलाच्या कडेवर दाबत होती. तीस झाले की दोन फुंकरी, पुन्हा तीस. गोजाबाईही मोजू लागली होती, आपल्या बोलीत, एक आकडा मागे राहून.

सातव्या फेरीत बारीकशी किरकिर ऐकू आली.

"बाय, रडते! गप कशी करू? पाजू का?"

"पाजू नको, गप्पही करू नको. छाती बघत राहा. रडू दे तिला."

किरकिरीचं भोकाड झालं. गाडीचा भोंगा वाजेपर्यंत रोहिणी मधूनमधून "छाती हलतेय ना?" एवढंच विचारत होती, बाकी नुसती ऐकत होती.

फोन बंद झाला. पुढची घंटी वाजायच्या आत तिने ओढणी पुढे ओढून घेतली. कुर्ता छातीवर दुधाने ओला झाला होता, आणि घरी सासूबाईंकडे ठेवलेल्या पाच महिन्यांच्या लेकीपाशी पोचायला अजून तीन तास होते.