मुक्या जादूगाराचं दान

मी वीस तोंडांचा फासा बोलतोय. तोंडं वीस आहेत खरी, पण त्यातलं कुठलं वर यावं हे मला कुणी कधी विचारलेलं नाही. हातातून सुटलो की गडगडत जातो, थांबतो, आणि लोक ओरडतात. चांगलं पडलं तर खेळणाऱ्याचं नशीब, वाईट पडलं तर फासा मेला!

कारखान्यात प्लास्टिकचा गरम रस साच्यात ओतला आणि माझा जन्म झाला. अंगावरचे आकडे पांढऱ्या रंगानं भरले. तिथून मी विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गावात, ऑर्लन हॅल्व्हर्सनच्या तळघरात आलो. हिवाळ्यात तळं गोठतं. मग निम्मं गाव बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसतं आणि उरलेल्यांपैकी काही जण ऑर्लनकडे येतात.

इथला खेळ म्हणजे सोंगांचा खेळ. कुणी योद्धा व्हायचं, कुणी चोर, कुणी जादूगार. किल्ले, भुयारं, राक्षस सगळं ऑर्लनच्या तोंडून ऐकायचं, आणि जमलं की फसलं ते मी सांगायचं. कुठल्या सोंगाला कसली जादू, तिची किंमत काय, हे नियम ऑर्लन स्वतः रचतो. जादू फुकट मिळाली की खेळ नासतो, असं त्याचं ठाम मत. शाळेत गणित शिकवतो ना, हिशेब काही सुटत नाही.

त्याच्या टेबलाचा एक जुना नियम होता. मंत्र मोठ्यानं म्हणायचा, पुटपुटलेला धरला जात नाही. तो नियम शोभायचा त्याच्या धाकट्या भावाला, वेंडेलला. वेंडेल चर्चमध्ये खर्जात गाणारा. त्यानं मंत्र म्हटला की मी टेबलावर आपोआप थरथरायचो. वर स्वयंपाकघरातून वेंडेलची बायको डॉटी ओरडायची, "अरे, हळू! माझा बटाट्यांचा हॉटडिश ओव्हनमध्ये बसतोय की उडतोय?"

मग वेंडेलला घशाचा कर्करोग झाला. जीव वाचला, पण डॉक्टरांना स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

तो परत आला तेव्हा गळ्यात छोटी पाटी होती. जादूगाराचं सोंग सोडून त्यानं योद्धा घेतला. आपली पाळी आली की मला फेकायचा, तेही दुसरीकडे बघत. एका शनिवारी त्यानं पाटीवर लिहिलं, "पुढच्या वेळेपासून मला धरू नका."

ऑर्लनचा चेहरा उतरला. "एक महिना दे मला," तो म्हणाला. "तुझ्यासाठी नवा जादूगार करतो. बोलायची गरजच नाही त्याला."

आणि खरंच केला. बोटांच्या खुणांनी चालणारी जादू. मूठ म्हणजे आग, उघडा तळवा म्हणजे ढाल. शाळेतून आला की ऑर्लन मला फेकत बसायचा, आकडे मांडायचा, खोडायचा. किती जीव ओतला त्यानं! मला वाटायचं, माझ्या हातात काही असतं तर भावाभावांना एकत्र ठेवणारं दान मी रोज दिलं असतं.

पण त्या चाचण्यांत ऑर्लनला काहीतरी खटकलं. पहारेकऱ्यांना मंत्र ऐकूच येत नव्हता, म्हणून मुका जादूगार दरवेळी निसटायचा. "हे जास्त होतंय," तो पुटपुटला आणि त्यानं एक ओळ वाढवली. मी तिथेच शेजारी पडलो होतो. ओरडावंसं वाटलं, पण फाशाला ओरडता येतं होय?

खेळाचा दिवस आला. वेंडेल पुन्हा जादूगार झाला. भुयाराच्या दारापाशी त्यानं तळवा उघडला, मूठ वळली आणि मला फेकलं. एकोणीस! ग्रंथालयातली बर्निस, आमची चोर, टाळ्या पिटायला लागली. वेंडेल हसत होता.

"दार उघडलं," ऑर्लन म्हणाला. मग कागद बघून जरा अडखळला. "पण शक्ती दुप्पट खर्च झाली. तुझा जादूगार कोसळला."

"कोसळला? एकोणीस पडूनसुद्धा?" बर्निस म्हणाली. "दुप्पट का म्हणून?"

"अगं, तो मुका आहे ना! कुणाला ऐकू जात नाही, म्हणजे केवढा फायदा आहे. मग फायद्याची किंमत नको का घ्यायला?"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. वेंडेलचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यानं शांतपणे पाटी ओढली, लिहिलं, आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"एवढा फायदा असेल तर तू घे."

कोट चढवून तो निघून गेला.

ऑर्लननं मला उचललं आणि पालथ्या काचेच्या ग्लासाखाली कोंडलं. वाईट दान देणाऱ्या फाशाला या लोकांत अशी कैद देतात.

"त्याचा काय गुन्हा?" बर्निस म्हणाली. "ग्लासाखाली तू बस."



आज दुपारी ऑर्लननं ती ओळ खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली. मग फोन लावला. काचेतून मला डॉटीचा आवाज अंधूक ऐकू आला, "इथेच आहे तो. कानाला लावलाय त्यानं. बोल."

तासन्‌तास राक्षसांची वर्णनं करणारा ऑर्लन तोंड उघडतो आहे, मिटतो आहे. मी काचेआड नुसता बघतोय. मला फेकून सुटेल असं हे काम नाही.

बोल ना रे ऑर्लन. चुकलं म्हण. तिकडून "हॅलो"सुद्धा येणार नाही. तुलाच बोलायचं आहे.