घरच्या घरात सोयरीक

घाटनांदूरच्या त्या घरात सकाळी साडेसहाला सुनिताने चुलीवर चहाचं आधण ठेवलं, शेळीची धार काढली आणि फळीवरून लोहाच्या औषधाची बाटली उतरवली. तिचा युवराज अन् थोरली जाऊ अंजूची प्रियदर्शनी, दोघंही तीन वर्षांची. औषध एकच, चमचाही एकच. दोन महिन्यांत प्रियदर्शनी अंगणभर हुंदडू लागली. युवराज मात्र उंबऱ्याशी बसून राही. चेहरा पिवळा, पोट फुगलेलं. ती पोर हसली की सुनिताच्या काळजात कळ उठे.

“जाऊबाई, माझ्या लेकराकडं कावून टक लावता ओ?” सुनिता तडकली.

“काकू हाय मी त्याची. बघायचं बी न्हाई का?” अंजूचे डोळे भरले.

सासू चतुराबाई सुनिताची सख्खी आत्या. ती हळूच म्हणाली, “परक्या घरची ती, जळणारच. सोमनाथला तुझी राजनंदिनी आली की घरात तुझं हक्काचं माणूस होईल.”

धाकट्या दिराशी बहिणीची ही सोयरीक सुनितानेच हट्टाने जुळवली होती. सुपारी रविवारी, माहेरी चकलांब्याला फुटायची होती.

त्याआधीच युवराजला धाप लागली. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं, “हा थॅलेसेमिया. रक्तातला दोष आईबाप दोघांकडून आला. एकाकडूनच आला असता, तर मूल धडधाकट राहिलं असतं. तुम्ही नवराबायको आतेमामे भावंडं. एकाच आजोबांचा दोष दोघांत उतरला. पुतणीला लोह कमी होतं, ते औषधाने भरलं. याला त्या औषधाचा उपयोग नाही, उलट अपायच. दर महिन्याला रक्त चढवावं लागेल.”

सुनिताने सोयरिकीचं सांगताच त्या म्हणाल्या, “आधी दोघांचं रक्त तपासा.”

सोमनाथ मुकाट्याने आला. राजनंदिनीला तिने साडीच्या निमित्ताने बोलावलं. दोष दोघांतही निघाला. दर बाळंतपणाला चारांत एक धोका.

रिपोर्ट हातात असताना सुनिताच्या मनात विष उतरलं. बहीण बाहेर दिली, तर तिचंही लेकरू प्रियदर्शनीसारखंच हुंदडेल. मग पिवळं पोर माझ्या एकटीच्याच मांडीवर का? गप्प बसलं तर कुणाला कळणार? त्या विचाराची तिला स्वतःलाच शिसारी आली.

रविवारी पाहुणे बसले. वडील आश्रुबांनी अडकित्ता उचलला.

“आबा, सुपारी फोडू नका.” तिने रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवले आणि सारं सांगितलं.

चतुराबाई कडाडली, “डोकं फिरलं का गं तुझं? भावाची लेक करायची, चार पिढ्यांची रीत हाय ही!”

“आत्या, ती रीत माझ्या मांडीवर हाय. बघा की.”

युवराज तिच्या मांडीवर मान टाकून पडला होता. सोमनाथने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सुनिताने ताटातली सुपारी उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि लेकराला कडेवर घेऊन पाहुण्यांचा चहा टाकायला आत गेली.