न लागलेलं दही

आमच्या धाकट्याची खोडच आहे, ज्यातलं कळत नाही त्यातच हात घालायचा आणि वर मलाच सांगायचं, आई, तू गप्प बस. कबरी गाईची कास सुजली, तर गुरांच्या डॉक्टरला बोलावेल तर शपथ. मागच्या वेळची जंतू मारायच्या औषधाची नळी उरली होती, ती स्वतःच तिच्या सडात भरून मोकळा झाला.

त्यातच घरात दही लागेना. सकाळी झाकण काढावं तर पाणचट दूधच. मी सुनेला घालूनपाडून बोलले, तुझ्या हातावर दहीसुद्धा रुसलं म्हणून. तिनं शेजारून वाटीभर दूध आणून त्यात तेच विरजण लावलं, आणि सकाळी कवडीसारखं दही माझ्यापुढं ठेवलं.

"हात तोच आहे, आई. दूध बदललं."

मी तडक गोठ्यात. धाकटा धार काढत होता.

"कबरीचं दूध कुठं जातं?"

"घरात. डेअरीवाले तपासतात. औषध निघालं तर सगळा कॅन परत पाठवतात."

"म्हणजे डेअरीला चालत नाही ते माझ्या नातीला चालतं?"

"उकळतोच की आपण."

"उकळून औषध गेलं असतं, तर दही लागलं नसतं का?"

नातीचा कान वाहत होता. आधी ज्या औषधानं थांबायचा, त्यानं या खेपेला थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, औषध थोडं थोडं पोटात जात राहिलं की जंतू निर्ढावतात. आता दिलंय तेही लागू पडलं नाही, तर पोरीच्या ऐकण्यावर बेतेल. गोळ्या अर्धवट सोडल्या का, असं त्यांनी सुनेला विचारलं, तेव्हा मीही तिच्याकडेच डोळे वटारून बघितलं होतं.

"बरं, वासराला पाजतो," धाकटा म्हणाला.

"वासरू काय सवतीचं आहे?"

"मग नाल्यात ओततो."

"आणि खालच्या अंगाला पाणी पितात ती गुरं कुणाची?"

सून दारात येऊन उभी राहिली होती. बरंच झालं.

"आता नीट ऐक," मी म्हणाले. "गुरांच्या डॉक्टरला आत्ता बोलाव. तो हो म्हणेपर्यंत कबरीचं दूध ना घरात, ना वासराला. टाकायचं कुठं तेही त्यालाच विचार. पोरीचा कान या दुधानंच बिघडला असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरीणबाई बघतील. पण घरात काय पाजलंस, ते त्यांना तू स्वतः जाऊन सांगायचं. बायकोला पुढं करायचं नाही. जन्मभर मी तुला रोज थोडं थोडं बोलत आले, म्हणून तू असा कोडगा झालास. आज पुरा डोस घे."