वर्षाच्या खोलीतली कणगी

कागदावरचे घर डोळ्यांना पटते, पायांना पटत नाही, असे चिमण गवंड्याचे म्हणणे. म्हणून २०१७ च्या मे महिन्यात, वेवजीतल्या जुन्या कुडाच्या घरासमोर, त्याने उमेश गुरुजींचे नवे घर चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखून दिले. "यातून चाला, बसा, उठा," तो म्हणाला. "काय हलवायचं ते सोमवारपर्यंत हलवा. एकदा कुदळ लागली की मग माझं ऐकायचं."

गुरुजी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवत. ते स्वतः आश्रमशाळेत वाढलेले. पत्र्याची पेटी हेच त्यांचे कपाट, आणि साऱ्या मुलांची मिळून एक उघडी टाकी हेच न्हाणीघर. त्यामुळे वर्षा आणि नविन या दोन्ही मुलांना वेगळी खोली, प्रत्येकीत भिंतीतले कपाट आणि लागून बाथरूम, यावर ते अडून बसले होते. स्वतःसाठी त्यांनी एवढेच मागितले होते: आपल्या खोलीत खिडकीशी पुस्तकांचे कपाट आणि त्यापुढे एक खुर्ची. त्या पांढऱ्या चौकोनात ते रोज संध्याकाळी खरोखरीची खुर्ची नेऊन बसत.

"घर म्हणजे माणसाने आभाळाला घातलेली चौकट," ते पुटपुटत.

"ती सागाची की लोखंडाची, ते ठरवा आधी," त्यांची बायको हर्षदा चुलीपासून म्हणे.

मुलांनी मात्र त्या रेषांना भिंतींचा मान दिला. नविन दाराच्या जागेवरूनच आत शिरे आणि शिरताना तोंडाने करकर असा आवाज काढी. एकट्या लाडकीआजीला, गुरुजींच्या आईला, भिंती दिसत नसत. ती कांद्याची टोपली घेऊन सरळ वर्षाच्या खोलीतून पलीकडे जाई.

"आजी, भिंत आहे तिथं."

"असेल बाई. माझी नजर गेली," म्हणत, एरवी सुईत दोरा ओवणारी आजी भिंतीतून पार होई.

मग एका सकाळी वर्षाचे बाथरूम वाढले. दुसऱ्या सकाळी आणखी वाढले. केरसुणीने जुनी रेष पुसून कोणी नवी ओढली होती. चिमण वाटेने जाताना थबकला.

"गुरुजी, हितं म्हैस धुवायची काय?"

गुरुजींनी त्यावर बराच विचार केला. वाढत्या वयाच्या मुलीला पाण्याचा एकांत हवासा वाटतो, असे काहीतरी गहिरे त्यांना सुचले आणि ते मनातल्या मनात हळवेही झाले. पण पुढच्या सकाळी कपाट वाढले, तेव्हा हळवेपणा पुरेना. खोलीत आता जेमतेम खाट मावेल एवढीच जमीन उरली होती.

"एवढं कपाट कशाला, वर्षा?"

"कपडे वाढतील, बाबा."

"तुझे, की गावाचे?"

वर्षा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. उत्तर आले ते आजीकडून, तेही न बोलता. हातात सुंभाची दोरी घेऊन ती भिंतीतून आत आली आणि उरलेल्या जमिनीवर दोरीचे वर्तुळ मांडू लागली. ते मावेना. वर्तुळ एकदा खाटेवर चढे, एकदा बाथरूममध्ये घुसे.

"हे काय, आई?"

"कणगी. भाताची. पोरगी जूनला डहाणूच्या होस्टेलात जायची. रिकाम्या खोलीत उंदीर राहतो, त्यापरीस भात राहू दे."

"कणगी आत बसूनच विणतात, बाबा," वर्षा एका दमात म्हणाली. "एकदा विणली की दारातून बाहेर निघत नाही. मी सुट्टीत आले की झोपू कुठं?"

"कणगीला टेकून," आजी म्हणाली. "ऊब असते."

गुरुजींना ती ऊब ठाऊक होती. आश्रमशाळेतून ते पहिल्या दिवाळीला घरी आले, तेव्हा त्यांच्या निजायच्या जागी शेणाने लिंपलेली नवी कणगी उभी होती. कोणाच्या मनात काही वाकडे नव्हते. भाताला जागा हवी होती आणि मुलगा तर घरी नव्हताच. तिला टेकून ते झोपले होते आणि रात्रभर आपल्याच घरात पाहुणे राहिले होते.

"मी झोपलोय तिला टेकून, आई," ते म्हणाले.

"मग काय बिघडलं? गुरुजीच झालास ना?"

"झालो. पण हिची खोली हिचीच राहील. रिकामी राहिली तरी."

म्हातारीने मुलाकडे पाहिले, मग नातीकडे. वादावादी होईल म्हणून हर्षदाने चुलीतले लाकूड मागे ओढले. पण आजीने नुसती दोरी गोळा केली.

"बरं. मग भात कुठं ठेवू?"

उत्तराची वाट न पाहता ती दोन भिंती ओलांडून गुरुजींच्या खोलीत गेली. खिडकीशी खुर्ची होती. तिच्याभोवती तिने दोरी मांडली. वर्तुळ असे चपखल बसले, जणू चिमणने ते मोजूनच आखले होते.

"हितं वारा पण लागेल," आजी समाधानाने म्हणाली. "तुझी पुस्तकं काय, पेटीत राहतील. तुला सवय आहे."

हर्षदाने पदर तोंडाला लावला. गुरुजींनी एक उसासा टाकला, त्याला साजेशी ओळ शोधली, ती सापडली नाही, आणि खुर्ची उचलली.

सोमवारी चिमण कुदळ घेऊन आला, तेव्हा वर्षाचे बाथरूम मूळच्या मापाला आले होते. कपाटही तिच्या फ्रॉकांपुरते झाले होते. मोकळ्या झालेल्या जमिनीच्या कोपऱ्यात मात्र फक्कीचे एक लहानसे वर्तुळ होते.

"हा खांब कुठून आला?" चिमणने विचारले.

"खांब नाही, टोपली आहे. आजीच्या कांद्यांची," वर्षा म्हणाली. "फक्त टोपली."

आजी पाहायला आली. वर्तुळाशी पाऊल लावून तिने माप घेतले.

"लहान आहे," ती कुरकुरली.

पण आत येताना ती दारातून आली होती, आणि नविनने तिच्यासाठी तोंडाने करकर केले होते.