कमिटी सांगेल ती इतर कामे

कलकत्त्यात भवानीपूरच्या आमच्या मराठी शाळेत दोन खोल्या, एकतीस मुले, एक शिक्षिका आणि अकरा जणांची कमिटी होती. म्हणजे दर तीन मुलांमागे एक कमिटीवाला. शिक्षणाकडे इतके लक्ष पुण्यातसुद्धा कुणी पुरवले नसेल. त्या अकरांपैकी मी एक.

शिक्षिका म्हणजे कालिंदी मोघे. जन्म कलकत्त्यातला, शिक्षण बी.ए., बी.टी. बंगाली अशी बोलत की ट्रामचा कंडक्टर त्यांना मोघे मानायलाच तयार नसे. आणि तिथेच त्यांचे नशीब फिरले. १९५४ साल होते. फोर्ट विल्यममध्ये, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत मराठी साहेब बदलून येत होते. साहेब कचेरीत इंग्रजीवर भागवीत. त्यांच्या बायकांची गाठ मात्र धोबी, गवळी आणि स्वैपाकी यांच्याशी, आणि ही मंडळी बंगालीशिवाय ऐकत नसत. मग आमचे सेक्रेटरी, खिदिरपूरच्या कस्टममधले श्यामसुंदरराव मिरीकर, दरवानाच्या हाती शाळेत चिठ्ठी पाठवीत: 'बाईंना तासभर पाठवावे.' बाई खडू खाली ठेवून जात. नेमणुकीच्या पत्रात शेवटी स्पष्टच लिहिले होते, 'कमिटी सांगेल ती इतर कामे करावी लागतील.' ते वाक्य मी सुचवले होते. पत्र जरा आखूड दिसत होते म्हणून.

जुलैत सरकारी इन्स्पेक्टर शाळा बघायला आले. त्यांनी तिसरीतल्या सरलाला हिंदीत विचारले, "तुमच्या बाई काय करतात?"

सरला उभी राहिली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "सगळ्यांची कामं करतात. वेळ उरला की शिकवतात."

इन्स्पेक्टर हसले. ते हसले म्हणून आम्ही कमिटीवालेही हसलो. बाई हसल्या नाहीत. पोरीने आगाऊपणा केला नव्हता. दिसले ते सांगितले होते. बाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच नव्हते.

दोन दिवसांनी चिठ्ठी आली. 'सौ. गद्रे यांचा स्वैपाकी आमटीत साखर घालतो. सांगूनही ऐकत नाही. बाईंना ताबडतोब पाठवावे.' आमटीत आम्हीही गूळ घालतो, पण तो आपला गूळ. बाईंनी चिठ्ठी वाचली, लाल शाई घेतली आणि खाली लिहिले: 'वाक्ये सुटसुटीत. नम्रता शून्य. दहापैकी तीन. शिक्षिका शाळेच्या वेळेत वर्गात शिकवीत असतात. बंगाली शिकायचे असल्यास पाटी घेऊन वर्गात यावे.' आणि दरवानाला परत पाठवले.

अर्ध्या तासात श्यामसुंदरराव जिना चढून वर. मागे सुहासिनीबाई गद्रे, घामाघूम. मुले भूगोलाच्या तासाला बसली होती.

"बाई, हे काय?" श्यामसुंदररावांनी चिठ्ठी नाचवली. "मला मार्क देता?"

"तीनच दिलेत. त्याहून जास्त देता आले नाहीत."

मुलांनी एकदम पुस्तकात तोंड घातले.

"नेमणुकीच्या पत्रात इतर कामं आहेत, विसरलात?"

"शेवटच्या ओळीत आहेत. पहिल्या ओळीत शिक्षिका आहे. मी वरून वाचत आणलं, अजून खाली पोचले नाही."

"हे बघा, अशानं कमिटीला विचार करावा लागेल."

"करू दे. सवय नाही, तेव्हा वेळ लागेल. मी थांबते."

श्यामसुंदररावांनी चिठ्ठीची घडी घातली. तेवढ्यात सुहासिनीबाई त्यांना बाजूला करून आत आल्या.

"अहो, तुमचं नंतर होऊ द्या. माझ्याकडे संध्याकाळी सहा पानं आहेत. बाई, मला पाटी नाही हो आणता आली. बसू का?"

"बसा. सरला, जरा सरक."

फोर्ट विल्यमच्या मेजरसाहेबांची बायको तिसरीच्या बाकावर बसली, गुडघे हनुवटीला लावून. बाईंनी फळ्यावर देवनागरीत लिहिले, 'डाले चिनी देबेन ना', म्हणजे आमटीत साखर घालू नका. सगळ्या वर्गाने दहादा म्हटले. सुहासिनीबाईंचा उच्चार मुलांना पसंत पडेना, म्हणून पुन्हा दहादा. श्यामसुंदरराव दारात उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटले नाही.

त्या संध्याकाळी गद्र्यांकडे आमटी आमटीसारखी झाली. ही बातमी मराठी घरांतून ट्रामच्या वेगाने फिरली. शनिवारी मधल्या सुटीनंतरच्या तासाला मागच्या बाकांवर सात बायका होत्या. त्यांत एक माझी.

रविवारी सकाळी कमिटी भरली. श्यामसुंदररावांनी ठराव मांडला: बाईंना कमी करावे, कारण बेशिस्त. मग म्हणाले, "अनुमोदन?"

कमिटीतले दिगंबरपंत चष्मा शोधू लागले. तो नाकावरच होता. मला खोकला आला. घरी मला आदल्या रात्री एवढेच सांगण्यात आले होते की हात वर केलात तर जेवायला कमिटीकडेच जा. बाकीच्यांनाही काहीसे असेच सांगण्यात आले असावे, कारण अकरा जणांत बावीस हात असून एकही वर गेला नाही.

तेवढ्यात बाई आल्या. त्यांना बोलावले नव्हते. त्यांनी नेमणुकीचे पत्र टेबलावर उलगडले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"ही खोडा."

"आणि नाही खोडली तर?" श्यामसुंदरराव म्हणाले.

"तर उद्या शाळेत मी नसेन. तुमच्या घरी धोब्याशी कोण बोलतं ते मग तुम्ही बघा. आणि एकतीस मुलांना काय सांगायचं, तेही तुम्हीच सांगा. मी शिकवायला आले होते, श्यामसुंदरराव. तेवढंच मला येतं आणि तेवढंच मी करणार."

दिगंबरपंतांनी टाक पुढे सरकवला. श्यामसुंदररावांनी ओळ खोडली, बाजूला सही केली, तारीख घातली. बाईंनी पत्र उचलून फुंकर मारून शाई वाळवली.

इतक्यात आतून स्टोव्हवरच्या चहाचा वास आला. दर सभेला चहा बाईच फिरवीत. श्यामसुंदरराव जुन्या सवयीने म्हणाले, "बाई, चहा..."

"हो, घेईन की," बाई म्हणाल्या, आणि एक खुर्ची ओढून आमच्यात बसल्या.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. दाराजवळ मी होतो. मी उठलो.