कोऱ्या बुटांतला उजवा मोजा

मी एक जुना लोकरीचा मोजा आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. एका बाजूला बूट, दुसऱ्या बाजूला माणसाचा पाय आणि मधे मी. भांडण त्या दोघांचे आणि मार मला. अशा जागी जन्म काढल्यावर तुम्हीही कुणावर सहज भरवसा ठेवला नसता.

माझा जन्म नाशकात, पंचवटीत झाला. साल त्र्याहत्तर असावे. श्यामलाबाईंनी मुलीचा, म्हणजे मालिनीचा, स्वेटर विणला आणि उरलेल्या पांढुरक्या लोकरीतून आम्हा दोघा भावांना विणले. टाचेवर त्यांनी शिवण येऊ दिली नाही. शिवण आली की घासते आणि घासले की फोड येतो, असे त्या म्हणत. उजवा ओळखू यावा म्हणून माझ्या काठात तांबडा दोरा घातला. हा दोरा पहिल्याच धुण्यात रंग सोडणार, असा मला दाट संशय होता. तो मात्र गुणाचा निघाला.

आम्हाला विणले ते श्यामलाबाईंच्या यजमानांसाठी. ढुंढिराज कचेरीत कारकून होते. मालिनी लहानपणी विषमज्वरातून उठली, तेव्हा त्यांनी नवस बोलला होता, की दर श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी करीन आणि त्या दिवशी पायात चामडे घालणार नाही. अख्ख्या डोंगराला वळसा घालायचा. वाटेत चिखल, दगड, ओढे. पहाटे निघालेला माणूस दुपार कलली तरी परतत नाही.

चामडे नाही, म्हणून कॅनव्हासचे बूट आले. पण कुठून कुठून फिरलेले बूट देवाच्या वाटेवर कसे चालतील? तेव्हा बूट दर वर्षी कोरे हवेत, असा ढुंढिराजांचा हट्ट. लोकर सोवळ्यात चालते, म्हणून मोजे जुने असले तरी त्यांची हरकत नव्हती. म्हणजे बघा, वर्षातले सगळ्यात लांबचे चालणे आणि तेच नेमके पायाला कधी न लागलेल्या बुटांतून. त्या बुटांचे पांढरेशुभ्र तोंड पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकायची.

दुसऱ्याच वर्षी व्हायचे ते झाले. अर्ध्या वाटेत उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला. ढुंढिराज एका दगडावर बसले आणि त्यांनी असा काही आकांत मांडला, की येणारेजाणारे थांबून बघू लागले. टाच टेकवत नाही म्हणून उरलेली वाट त्यांनी चवड्यावर काढली. घरी त्यांची थोरली बहीण, सावित्रीआक्का, सुईदोरा घेऊनच बसली. फोडातून दोरा आरपार घालायचा आणि तसाच ठेवायचा, म्हणजे पाणी निथळून जाते, ही तिची रीत. श्यामलाबाईंनी तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"वन्सं, दोऱ्यावाटे पाणी बाहेर येईल, तशी घाण आतही जाईल."

या जगात माझ्यासारखा विचार करणारे आणखी कुणीतरी आहे, हे मला त्या दिवशी कळले. त्यांनी सुई उकळून घेतली, पाय साबणाने धुतला, फोडाच्या कडेला हलकेच टोचून पाणी दाबून काढले आणि वरची कातडी तशीच ठेवून स्वच्छ फडके बांधले. सुकलेली कातडी सोलायला ढुंढिराजांचे हात शिवशिवत होते. श्यामलाबाईंनी त्यांना तिकडे बोट लावू दिले नाही. फोड लहान असता तर मी टोचलाही नसता, असेही त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षीपासून त्यांनी युक्ती काढली. बूट आठवडाभर आधी आणायचे आणि संध्याकाळी गच्चीवर घालून चालायचे. गच्ची धुतलेली असते, तिथे कोरेपण मोडत नाही, असे त्यांनी नवऱ्याला पटवून दिले. ढुंढिराज कचेरीतून आले की गच्चीवर घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत आणि शेजारी खिडकीतून गंमत पाहत. वाटेतले नियमही श्यामलाबाईंचेच. ओढा ओलांडला की पाय पुसून कोरडे मोजे घालायचे. बुटात खडा गेला तर "पुढे काढू" म्हणायचे नाही. कातडी गरम लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. त्यानंतर कितीतरी वर्षे फोड आला नाही. फेरीला बरोबर येणारे, ढुंढिराजांच्या कचेरीतले चिंतामणराव माझ्याकडे बघून म्हणायचे, असे मोजे मलाही विणून हवेत. स्तुतीवर माझा विश्वास नाही, पण तेव्हा बरे वाटले होते.

मग ढुंढिराजांना साखरेचा आजार जडला. चहा बिनसाखरेचा झाला, गोळ्या आल्या. फेरी मात्र चालूच राहिली.

चौऱ्याऐंशीच्या श्रावणात मालिनीला इगतपुरीला, तिच्या सासरी, दुसरे मूल झाले आणि श्यामलाबाई तिकडे गेल्या. इकडे ढुंढिराजांनी बूट आणले ते आदल्या दिवशी. गच्ची राहिली. कोरड्या मोज्यांची पिशवीही घरीच राहिली. पहिल्याच ओढ्यात मी चिंब झालो आणि बुटाची मागची कड मला टाचेवर रगडू लागली. कातडी तापली, फुगली आणि पुढे एका चढावर फुटली. अंगावर ऊन ऊन ओल पसरली तशी मी ओळखले, हे ओढ्याचे पाणी नव्हे.

ढुंढिराज मात्र चालतच राहिले. लंगडले नाहीत, थांबले नाहीत. चिंतामणरावांनी पायांची चौकशी केली, तर म्हणाले, "माझे पाय अगदी ठणठणीत आहेत. तुम्ही तुमचे सांभाळा."

मला त्यांचा भयंकर राग आला. हा माणूस नवसापायी धडधडीत खोटे बोलतो आहे, अशी माझी खात्रीच झाली. ज्याने एका फोडापायी डोंगर डोक्यावर घेतला होता, तो आता हसतमुखाने चालतो कसा? घरी येऊन त्यांनी मला ओढून काढले, मोरीच्या कोपऱ्यात टाकले आणि दुसऱ्या दिवशी चपला घालून कचेरीत गेले.

पुढच्या आठवड्यात श्यामलाबाई परतल्या. मोरीत त्यांना मी सापडलो, वाळून कडक झालेला, टाचेवर तांबूस काळा डाग. त्यांनी मला उलटे करून उजेडात धरले आणि नवऱ्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. टाचेची जखम चिघळली होती, कडा काळवंडल्या होत्या आणि वास येत होता.

"मी इथे नव्हते म्हणून लपवलंत ना?"

"देवाशपथ, श्यामला, मला काही झालेलंच नाही. कुठे आहे जखम?"

त्यांच्यावर आमच्या दोघांचाही विश्वास बसला नाही. श्यामलाबाईंनी मला कागदात गुंडाळले, पुरावा म्हणून पिशवीत टाकले आणि नवऱ्याला घेऊन दवाखाना गाठला. तिथे मला टेबलावर ठेवून त्यांनी तक्रार सांगितली, की डॉक्टर, हे आजार लपवतात, यांना जरा खडसावा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, पायाकडे पाहिले, पण खडसावले नाही. त्यांनी ढुंढिराजांना डोळे मिटायला लावले, खिशातले पेन काढले आणि म्हणाले, टोक लागले की सांगा.

ढुंढिराज शहाण्या मुलासारखे डोळे मिटून वाट बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना डॉक्टर, मी तयार आहे."

पेनाचे टोक केव्हापासून त्यांच्या तळव्यात रुतलेले होते. श्यामलाबाईंनी तोंडाला पदर लावला. माणूस खोटे बोलत नव्हता. साखरेने त्याच्या पायातली दुखण्याची जाणीवच नेली होती. तो खोटे बोलत असता तर किती बरे झाले असते, असे मला वाटले आणि फार वाईट वाटले.

पाय कापावा लागेल की काय, ही टांगती तलवार दिवाळी उलटेपर्यंत डोक्यावर होती. रोज जखम धुणे, पट्टी, इंजेक्शने. अखेर पाय वाचला. फेरी मात्र संपली. नवसाचे काय, असे आक्काने विचारले, तेव्हा श्यामलाबाई म्हणाल्या, पाय देवानेच दिला आहे, तो सांभाळणे हाच आता नवस.

मी आता ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी असतो. या गोळ्यांवरही माझा फारसा भरवसा नाही. मित्रांनो, लांब चालून घरी आलात की मोजे भिरकावू नका. ते उलटे करून उजेडात धरा, तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा. आणि घरात कुणाला साखर असेल, तर "दुखत नाही" या त्यांच्या शब्दावर जाऊ नका, रोज पाय बघा.

संध्याकाळी दिवे लागले, की बाहेरच्या खोलीतून मला आवाज ऐकू येतो. श्यामलाबाई नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या असतात आणि ढुंढिराज हळूच विचारतात, "आज काही आहे का गं?"

स्वतःच्या पायाची खबर त्यांना आता रोज दुसऱ्याला विचारावी लागते.